सरावाचं बाळ

मी बाळ बोलतेय. दचकू नका. खरी बाळं बोलत नाहीत. ती रडतात, आणि भुकेनं की पोट दुखतंय म्हणून की उगाच, हे ओळखायचं काम आईबापांवर सोडून देतात. मी त्यातली नाही. जातीनं मी बाहुली, हुद्द्यानं बाळ. प्रसूतिगृहाच्या वरच्या मजल्यावर दर शनिवारी दुपारी नव्या आईबापांचा वर्ग भरतो. तिथे टेबलावर टॉवेल अंथरून जिला निजवलेलं असतं, आणि जिच्याभोवती चांगली थोराड माणसं हात मागे बांधून घाबरून उभी असतात, ती मी.

माझा जन्म कारखान्यात झाला. वेणा नाहीत, धावपळ नाही, बाहेर येरझारा घालणारं कोणी नाही. डोकं एका खोलीत तयार झालं, अंग दुसरीत, हातपाय तिसरीत. माझं डोकं आधी झालं आणि कापडी अंगाला उशीर लागला, त्यामुळे बरेच दिवस मी फळीवर नुसतं डोकंच होते. विचार करायची वाईट सवय मला तिथेच लागली. मग अंग आलं, त्यात वाळूच्या पुरचुंड्या भरल्या, खऱ्या बाळाइतकं वजन झालं. निजवलं की माझे डोळे मिटतात, पण डावा जरा आळशी आहे, मागाहून मिटतो. त्यामुळे मी डोळा मारल्यासारखी दिसते. तपासणाऱ्या बाईनं मला दोनदा निजवून पाहिलं, म्हणाली, "चालेल. नव्या आयांना कोणी तरी धीर द्यायलाच हवा," आणि मला खोक्यात घातलं.

खोकं उघडलं ते सिस्टरांनी. वर्ग त्याच घेतात. आवाज खणखणीत, बोलणं तुटक, आणि हात असे की त्यांनी उचललं की आपण कापसाचे आहोत असं वाटावं. पहिल्याच दिवशी मला उंच धरून त्या वर्गाला म्हणाल्या, "ही तुमची पहिली. काय चुका करायच्या त्या हिच्यावर करून घ्या. दुसरी येईल ती ऐकून घेणार नाही."

आणि लोकांनी करून घेतल्या! एका गृहस्थांनी मला लंगोट इतका घट्ट बांधला की त्यांचं मनगटी घड्याळ आत गेलं. घरी जायची वेळ झाली तेव्हा किती वाजले बघायला गेले, तेव्हा उमगलं. एका बाईंनी ढेकर काढायला म्हणून मला खांद्यावर घेतलं आणि अशी थोपटली, अशी थोपटली, की ढेकर काही आला नाही, वाळू आली. टोपडं समजून मोजा घातला, झबलं समजून बाटलीची पिशवी. एकजण मला अंघोळ घालताना स्वतःच इतका भिजला की सिस्टरांनी टॉवेल त्यालाच दिला. मी कशालाही नाही म्हटलं नाही. मला बरं वाटायचं. एकजण चुकला की बाकीचे पुढे वाकून बघायचे, हसायचे, आणि हसता हसता शिकायचे. चुकणारा तेवढा शेवटी शिकायचा, कारण तो लाजण्यात गुंतलेला असायचा.

सिस्टरांची एक पद्धत आहे. वर्ग संपत आला की प्रत्येक जोडप्यानं मला एकेक आठवडा घरी न्यायचं. बाळ समजून वागवायचं, एकटं सोडायचं नाही. दुकानात जाल तर बाळ दुकानात, गच्चीवर जाल तर बाळ गच्चीवर. आणि पुढच्या शनिवारी मला परत आणून सगळ्यांसमोर काय झालं ते सांगायचं.

"बरोबर काय केलंत ते आपापल्या आईला सांगा," सिस्टर म्हणतात, "ती कौतुक करील. इथे चुकलं काय ते बोला. म्हणजे पुढच्याचं वाचेल."

किती सोपं! पण माणसाची जात. जोडपी जिन्यातच ठरवून यायची. वर येऊन हसरा चेहरा करायचा आणि म्हणायचं, "छान झालं. अगदी छान." मी टेबलावर पडून सगळं ऐकायची. मला सगळं ठाऊक असायचं, आणि तोंड तर शिवलेलं. मी आपली डावा डोळा मारायची. पण त्याचा अर्थ कोणी लावला नाही.

आता मुख्य गोष्ट सांगते. त्या वेळच्या वर्गात तीन जोडपी होती.

एक बेकरीवाले आणि त्यांची बायको. बेकरीवाल्यांनी मला पहिल्यांदा हातात घेतलं आणि त्यांचे अंगठे आपोआप चालायला लागले.

"अहो, बाळ आहे ते, मळताय काय!" बायको म्हणाली.

"मळत नाहीये, मऊ आहे का बघतोय."

"मऊच असतं. फुगायला ठेवू नका म्हणजे झालं."

दुसरं जोडपं जुळ्यांची वाट बघणारं. नवरा फोटो काढायचा धंदा करायचा. बाळं दोन येणार आणि वर्गात मी एकटी, म्हणून सिस्टरांनी त्यांना दुसऱ्या हातात एक उशी दिली. उशीचं आणि माझं कधी जमलं नाही. तिला कसलाच अनुभव नव्हता.

आणि तिसरी शंकाबाई. हे नाव तिला बेकरीवाल्यांनी दिलं आणि ते तिला इतकं चपखल बसलं की तिनंही हसून घेतलं. ती शाळेत भूगोल शिकवायची. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शंका ऐकून घेतलेल्या, स्वतःच्या साठून राहिलेल्या असणार.

"सिस्टर, ढेकर आला नाही तर किती वेळ थांबायचं?"

"येईपर्यंत."

"आणि आला, पण आपल्याला ऐकूच आला नाही तर?"

"तर बाळाला आला ना? झालं."

"सिस्टर, बाळ झोपलंय की नुसतं डोळे मिटून पडलंय, हे कसं ओळखायचं?"

"ओळखायचं कशाला गं? दोन्हीत आपली सुटकाच आहे."

सगळे हसायचे. शंकाबाईही हसायची, पण तिचे कान सिस्टरांच्या तोंडाकडे आणि डोळे इतरांच्या हातांकडे. बाकीच्यांना कसं पटकन जमतं, हे ती बघत बसायची. मला वाटायचं, अगं, माझ्याकडे बघ ना. मी इथे आहे, त्यांचे हात कशाला बघतेस?

पहिला आठवडा मी बेकरीत काढला. मालकांनी मला नेमानं काखोटीला मारलं होतं, पण सकाळी गिऱ्हाइकांची झुंबड उडाली. तेव्हा त्यांनी मला पावांच्या ट्रेमध्ये ठेवलं. ऊबदार जागा आहे, पडायची भीती नाही, नजरेसमोर आहे. सगळं खरं. फक्त तो ट्रे उचलून नोकरानं काचेच्या कपाटात मांडला. एक जाड चष्म्याचे आजोबा आले, त्यांनी चिमट्यानं मला कानाला धरून उचललं आणि विचारलं, "हा केवढ्याला?"

शनिवारी बेकरीवाले वर्गात म्हणाले, "छान झालं. ऊबेला होतं बाळ. लोकांनी कौतुक केलं."

दुसरा आठवडा जुळ्यांच्या बाबांकडे. त्यांनी एका हातात मी, एका हातात उशी असा मोठ्या जिद्दीनं सराव केला. दुपारी दमून आडवे झाले, डोकं माझ्यावर टेकलं, उशीला पोटाशी घेतलं आणि तिला थोपटत गाढ झोपी गेले. उठले तेव्हा माझं नाक चपटं झालेलं. उशीचा मात्र दृष्ट काढावी असा थाट.

शनिवारी ते म्हणाले, "छान. दोघंही शांत झोपली."

शंकाबाई कानात प्राण आणून ऐकत होती. प्रत्येक 'छान'बरोबर ती खुर्चीत थोडी थोडी खाली सरकत होती. त्यानंतर तिची पाळी होती. तिनं मला उचललं आणि जिना उतरताना नवऱ्याला म्हणाली, "सगळ्यांना जमतंय."

"तुलाही जमेल की."

"आणि नाही जमलं तर? ऐक. मी ठरवलंय. हा आठवडा धड पार पडला नाही ना, तर मी बाळाला हातच लावणार नाही. आई बघतील बाळाचं. मी नोकरी करीन, पगार आणीन, आणि लांबून बघीन."

"लांबून म्हणजे किती लांबून?" नवऱ्यानं विचारलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा; त्याला माप लागतं.

"दारातून."

तो हसला. ती हसली नाही. मी तिच्या हातात होते ना, मला कळत होतं. तळहाताला घाम फुटला होता. ती थट्टा करत नव्हती.

तर आता डाव असा होता, आणि तो माझ्यावर लागला होता. माझ्या वाळूचं पाणी झालं.

त्या घरात माझी जी बडदास्त राहिली ती राजाच्या लेकीची राहिली नसेल. अंघोळीचं पाणी आधी तिनं कोपरानं बघायचं, मग नवऱ्यानं कोपरानं बघायचं, मग पुन्हा तिनं, कारण तोवर गार झालेलं असायचं. मला निजवलं की ती नाकापाशी बोट धरायची, श्वास चालतोय का बघायला. तो चालत नसायचाच. तेव्हा ती एकदम पांढरीफटक पडायची, मग आठवायचं, मग स्वतःच्या कपाळावर हात मारायची.

सासूबाई हे सगळं खुर्चीतून बघायच्या. "आमच्या वेळी नव्हते बाई असले वर्ग," त्या म्हणाल्या. "सासू होती."

"मग तुम्ही त्यांच्याकडून शिकलात?"

"छे! ती सगळं चुकीचं शिकवायची."

"मग?"

"मग काय, शेजारीण होती. ती चुकायची, ते बघून मी शिकले. मी चुकायची, ते बघून ती."

शंकाबाईनं हे ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. तिचं सगळं लक्ष पिशवीवर होतं. पिशवीचं मी काय वर्णन करू! घराबाहेर पडताना बाळाचं काही राहू नये म्हणून तिनं भरलेली. दोन बाटल्या, लंगोटांची चळत, टोपडी, ताप बघायची नळी, छत्री, त्या छत्रीला काही झालं तर दुसरी छत्री. पिशवी माझ्यापेक्षा जड होती. आणि बाटल्यांना गारवा लागू नये म्हणून अख्ख्या पिशवीभोवतीच तिनं मऊ दुपटं गुंडाळलेलं असायचं.

शुक्रवारी सकाळी ती लाँड्रीत निघाली. दुसऱ्या दिवशी मला परत द्यायचं, तर माझी चादर, टॉवेल, दुपटी स्वच्छ असावीत म्हणून. एका हातात कपड्यांचं गाठोडं, एका हातात मी, खांद्यावर पिशवी. लाँड्रीवाल्या मावशींच्या टेबलावर तिनं सगळं ठेवलं. गाठोडं. पिशवी. आणि गाठोड्याच्या मऊ कुशीत अलगद मी.

"मावशी, साबण साधाच घाला हां. वासाचा नको. आणि पाणी कोमट. आणि दोनदा खळबळा. तीनदा चालतं का?"

"चालतं गं. तू जा. नीट जा, पोट सांभाळ."

"हो, हो," असं म्हणत तिनं दुपट्यात गुंडाळलेलं जे होतं ते दोन्ही हातांनी उचललं, खांद्याशी घेतलं, वरून हात फिरवला आणि थोपटत थोपटत गेली.

ती पिशवी होती.

मावशींनी चष्मा कपाळावर चढवला, गाठोडं उचललं आणि मशीनच्या तोंडात रिकामं केलं. मी चादरीबरोबर आत. दार बंद. खट्.

वाटेतलं मला नंतर ऐकून कळलं. एका गृहस्थांनी पिशवीकडे बघून म्हणे "किती शांत आहे हो तुमचं बाळ!" म्हटलं, आणि शंकाबाई म्हणे सुखावली. कोपऱ्यावर थांबून तिनं बाळाच्या अंगाला हात लावून बघावं म्हणून दुपटं बाजूला केलं, तर आत छत्रीची मूठ.

मी तोवर फिरत होते. मशीनला पुढून गोल काच होती. वर जायची तेव्हा दुकानाचं छत दिसायचं, खाली यायची तेव्हा फेस. एका फेरीत काचेपलीकडे शंकाबाईचा चेहरा आला. दुसऱ्या फेरीत तो आणखी जवळ आला. तिसऱ्या फेरीला तिचं नाक काचेला चिकटलेलं होतं आणि तोंड उघडं होतं.

"माझं बाळ! बाळ आहे आत! थांबवा!"

मावशींनी वळून पाहिलं. काचेमागून माझा पाय गेला, मग माझा हात गेला, मग मी डावा डोळा मारून गेले. मावशींची पाचावर धारण बसली. त्यांनी हातातली इस्त्री सोडली, नशीब ती गार होती.

मग रस्ता आत आला. शेजारचा किल्ल्या बनवणारा हातोडी घेऊन, समोरची फुलवाली बादली घेऊन, आणि दोघंतिघं नुसतेच.

"काच फोडा!"

"फोडू नका, काचा आत जातील!"

"बटण दाबा हो, बटण!"

"दाबलं! आता जास्तच जोरात फिरायला लागलं!"

खरंच लागलं. कोणी तरी पिळायचं बटण दाबलं होतं. माझं डोकं एकीकडे, विचार दुसरीकडे, वाळू तिसरीकडे. इतक्यात शंकाबाईचा नवरा धापा टाकत आला; जवळच्याच इमारतीत लिफ्ट दुरुस्त करत होता. गर्दी, बंद दार, आत कोणी तरी अडकलंय, एवढंच त्याला दिसलं आणि कामाची सवय जागी झाली. मशीनला तोंड लावून तो मोठ्यानं म्हणाला, "आत जे कोणी असतील त्यांनी घाबरू नये! दाराला हात लावू नये! आपण लवकरच बाहेर येणार आहात!"

तुम्हाला सांगते, मला खरंच धीर आला.

शेवटी सासूबाई आल्या. आरडाओरडा ऐकून घरातल्या चपलेवरच आल्या होत्या. गर्दीतून वाट काढत त्यांनी काचेत बघितलं, मग सुनेकडे बघितलं, आणि कडाडल्या, "अहो, बाहुली आहे ती! खरं बाळ अजून हिच्या पोटात आहे!"

 गर्दीनं शंकाबाईच्या पोटाकडे पाहिलं. तिनंही खाली मान घालून पाहिलं. मावशी गाठोड्यावर बसल्या आणि पाणी मागितलं. किल्लीवाला हातोडी खाली घेत हळूच म्हणाला, "मग... फोडू की नको?"

हसू फुटलं ते थांबेना. फुलवाली बादलीवर बसून हसत होती. फक्त शंकाबाई हसत नव्हती. मशीन थांबलं, दार उघडलं, तिनं मला बाहेर काढलं. मी पाणी पिऊन दुप्पट जड झाले होते. मला छातीशी धरून ती एकटीच रडली.

घरी मला गच्चीच्या दोरीवर दोन्ही हातांना चिमटे लावून वाळत घातलं. समोरच्या खिडकीतल्या बाईंनी बघितलं आणि पडदा ओढून घेतला. मला दोरीवरून आतलं सगळं ऐकू येत होतं.

"उद्या छान झालं म्हणून सांगू," शंकाबाई म्हणत होती. "आणि विषय संपला. मी बाळाला घेणार नाही. ठरलं म्हणजे ठरलं."

"अगं, विसरायला होतं कधी कधी."

"तू कधी लिफ्टमध्ये माणूस विसरलायस का?"

नवरा प्रामाणिक. त्यानं विचार केला. "एकदा," तो म्हणाला. "जेवायची सुट्टी झाली होती."

तरी ती हसली नाही. बिचाऱ्यानं एवढं कबूल केलं, तेही वाया गेलं.

शनिवारी सासूबाईही वर्गाला आल्या. सुनेचं काय होतंय हे त्यांना बघायचं होतं. सगळे जमले. शंकाबाईनं मला टेबलावर ठेवलं, चेहऱ्यावर हसू आणलं, आणि तोंड उघडलं. "छान झालं," ती म्हणाली. "अगदी..."

सिस्टरांनी सवयीप्रमाणे मला उचलून खांद्याशी घेतलं. आता मी काय करू? वरून मी वाळले होते, पण आतली वाळू ओली ती ओलीच. सिस्टरांचा हात पोटाखाली दाबला गेला आणि त्यांच्या पांढऱ्या शुभ्र गणवेशावरून एक धार सरळ खाली गेली. जमिनीवर टप्, टप्, टप्.

सिस्टरांनी खाली पाहिलं. मग माझ्याकडे. "इतक्या वर्षांत," त्या म्हणाल्या, "या बाळाला शू झालेली मी पाहिली नाही."

आणि शंकाबाईचा बांध फुटला. पिशवी, दुपटं, गाठोडं, मशीन, किल्लीवाला, बादली, सगळं एका दमात. शेवटी म्हणाली, "तुम्हाला सगळ्यांना जमलं. मला नाही जमलं. मी बाळ टेबलावर विसरले आणि छत्री थोपटत गेले. मी नाही घेणार माझ्या बाळाला. आई बघतील."

"मी?" सासूबाई म्हणाल्या. "मी कशी बघू? याला तीन महिन्यांचा असताना शेजारणीकडे घेऊन गेले, गप्पा मारल्या आणि एकटीच घरी आले. स्वयंपाक करून जेवले पण."

नवरा उडालाच. "आई! हे मला कधी सांगितलं नाहीस!"

"तू झोपला होतास."

 बेकरीवाल्यांच्या बायकोनं नवऱ्याच्या बरगडीत कोपर मारलं. ते गुळमुळीत बोलायला लागले. "म्हणजे, ऊब होती हे खरं. पण ते पावाच्या ट्रेमध्ये... एका आजोबांनी तिला चिमट्यानं उचललं."

"आणि किंमत विचारली," बायको म्हणाली. "सगळं सांगा ना. ह्यांनी किंमत सांगितली!"

"सवयीनं सांगितली गं!"

मग जुळ्यांच्या बाबांनी उशीचं कबूल केलं. त्यांची बायको म्हणाली, "म्हणून नाक चपटं! आणि मी मेली समजत होते, कारखान्यातूनच तसं आलंय." हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. शंकाबाई एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. आणि ती खुर्चीत थोडी थोडी वर येत होती.

"पण एक सांगू का," बेकरीवाल्यांची बायको तिला म्हणाली, "तू मशीनशी ओरडलीस ना 'माझं बाळ' म्हणून, तेव्हा ती बाहुली आहे हे तुझ्या लक्षात होतं?"

"नव्हतं."

"मी असते तर घरी चहा पिऊन, दुपारी सावकाश गेले असते. तू बाळ विसरलीस म्हणून रडतेस. आणि बाहुली आहे हे विसरून धावलीस, ते?"

शंकाबाईला यावर काही शंका सुचली नाही. पहिल्यांदाच.

सिस्टरांनी ओल्या गणवेशावर टॉवेल दाबत टाळी वाजवली. "उठा सगळे. आज हेच शिकायचं. टेबलावर बाळ, बाजूला पिशवी. उचलताना आधी काय?"

"पिशवी," जुळ्यांचे बाबा म्हणाले.

"आधी बाळ! मग सामान. सामान राहिलं तर राहिलं. चला, ओळीनं."

मग सगळे ओळीनं आले. आधी बाळ, मग सामान. प्रत्येकाच्या अंगावर मी थोडी थोडी शू केली, त्यामुळे लंगोटाचाही सराव झाला, आणि तो पहिल्यांदाच खराखुरा. कोणाचा लंगोट सुटला, कोणाची पिशवी सांडली, आणि जो तो दुसऱ्याला दाखवत होता, "असं नाही, असं, माझं पण असंच गळलं होतं." शंकाबाई शेवटी आली. तिनं मला उचललं, नीट घेतलं, हसली, आणि बोलता बोलता माझ्यासकट जिना उतरायला लागली. पिशवी टेबलावरच. सिस्टरांना वरून हाक मारावी लागली, पिशवीसाठी नव्हे, माझ्यासाठी. मला पुढच्या वर्गाला हवं होतं ना.

पुढे सगळ्यांना बाळं झाली. पावांच्या ऊबेत एक, त्या उशीच्या दोन्ही बाजूंना निजणारी दोन, आणि शंकाबाईला मुलगी.

परवा नव्या वर्गाला सिस्टरांनी तिला बोलावलं, आपलं काय काय चुकलं ते नव्यांना सांगायला. आजकाल तेच पहिलं काम असतं. ती लेकीला घेऊन आली. लेक वाटेत झोपली होती, म्हणून तिनं तिला माझ्या शेजारी, त्याच टॉवेलवर, तसल्याच दुपट्यात निजवलं. मी एवढ्या जवळून खरं बाळ कधी पाहिलं नव्हतं. तिच्या नाकातून बारीक आवाज येत होता. कारखान्यात हे जमलं नव्हतं.

नव्या वर्गात एक पोलीस होता. धिप्पाड, मिशीवाला, आणि भीतीनं ओठ कोरडे पडलेला. सिस्टर गरम पाणी आणायला बाहेर गेल्या होत्या, जाताना म्हणाल्या, "तोवर लंगोट बदलून ठेवा." त्यानं मनाचा हिय्या केला, टेबलापाशी आला, दोन गुंडाळ्या बघितल्या, आणि एक उचलली.

चुकीची.

मी ओरडणार होते, पण तोंड शिवलेलं. मी शंकाबाईकडे बघितलं. तिनं पाहिलं होतं. तिचं तोंड उघडलं. तिचा हात टेबलाच्या कडेखाली गेला, तळवा वर, झेलायला तयार. आणि मग तिनं तोंड मिटलं.

पोलिसानं दुपटं सोडलं. मानेखाली हात घातला. जुना लंगोट काढला, नवा घातला, वर स्वतःशीच गुणगुणला. "सोपं आहे की," असं म्हणत त्यानं गाठ मारली, तेव्हा बाळानं जांभई दिली आणि डोळे उघडून त्याच्या मिशीकडे बघितलं.

पोलीस पुतळ्यासारखा झाला. "हे... हे बघतंय माझ्याकडे."

"हो," शंकाबाई म्हणाली. "मिशी आवडलेली दिसतेय."

"हे तुमचं आहे?"

"माझंच."

"अहो, मग मला थांबवलं का नाहीत!"

"बरं चाललं होतं की," ती म्हणाली. टेबलाखालचा हात तिनं अजून काढला नव्हता. "फक्त लंगोट उलटा आहे. असू दे. पहिला माझाही उलटाच होता."

अख्खा वर्ग हसला, पोलीसही हसला, आणि मग तोच सगळ्यांना दाखवायला लागला की उलटा कसा ओळखायचा.

आता माझं फार दिवसांचं राहिलेलं नाही. शिवणी उसवल्यात, अजूनही पोट दाबलं की थेंब येतो. ऐकते की बॅटरीवर रडणारी नवी बाहुली येणार आहे. येऊ दे. मी तिच्याकडून रडायला शिकीन, ती माझ्याकडून गळायला. तुमच्यापैकी कोणी त्या वर्गाला आलात, तर आम्हाला खुशाल पाडा. आम्ही त्यासाठीच आहोत. पाडलं तर पाडलं, झटकून उचला. पण मग लगेच शेजारच्याला सांगा. त्यानंही पाडलेलं असतं, आणि तो बिचारा कधीपासून कोणीतरी आधी बोलेल याची वाट बघत उभा असतो.